हरवलेला जॉब आणि कापरेकर मास्तर

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

शीर्षक वाचून ही प्लेसमेंटची रडकथा असेल असं वाटलं असेल तर आधीच सांगून टाकतो, तसं काही नाही. हा जॉब वेगळा. अमुक तारखेला, अमुक वाजता हे कर, असं आपण संगणकाला सांगून ठेवतो त्या कामाला जॉब म्हणतात आणि अशी कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला शेड्यूलर. पण गोष्ट शेड्यूलरचीही नाही. गोष्ट आहे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाच्या एका शाळामास्तरांची. ते १९८६ साली गेले. माझी त्यांची ओळख झाली ती एका हरवलेल्या जॉबमुळे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागेल.

माझं गाव तलासरी तालुक्यात. गुजरातची हद्द इतकी जवळ की घराच्या ओट्यावर बसलं तरी मोबाईलवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज येतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत डहाणू-तलासरी भागातल्या आश्रमशाळांमधल्या मुलांच्या तपासण्या करणाऱ्या एका संस्थेने मला एक छोटं काम दिलं. आमच्या भागात सिकलसेलचा आजार आहे. अशा मुलांना ठरलेल्या तारखेला तपासणीला न्यावं लागतं. ती तारीख जवळ आली की शाळेच्या अधीक्षकांना आपोआप मेसेज जायला हवा. एका मुलासाठी एक जॉब. काम ऐकून मी मनात म्हटलं, हे तर दोन दिवसांचं काम आहे, उरलेली सुट्टी आंबे खायला मोकळी.

शेड्यूलरला प्रत्येक जॉबचं नाव वेगळं लागतं. मी आधी मुलाचं नाव आणि आडनाव जोडून टाकलं. पहिल्या यादीतच दणका बसला. आमच्याकडे जुन्या लोकांत वारावरून नाव ठेवायची पद्धत, सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या. आता नावं बदलली, पण एका वर्षी एखादं नाव सिनेमातून आलं की पाड्यापाड्यात तेच. आडनावं तर मोजकीच. एका शाळेत एकाच नाव-आडनावाच्या तिघी! ते कागदावरच दिसलं म्हणून वाचलो.

मग मी शहाणपणा केला. संस्थेच्या वहीत प्रत्येक मुलाला अनुक्रमांक होता. तोच नाव म्हणून वापरायचा तर कुणीही बघून ओळखेल की हा अमक्या ओळीतला मुलगा. आजाराची माहिती आहे, ती अशी उघडी ठेवू नये, असं मला वाटलं. (विचार बरोबर, उपाय चुकीचा.) म्हणून मी अनुक्रमांकात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवली आणि जे येईल ते जॉबचं नाव ठेवलं. म्हणजे ४७चे झाले ४७ + ४ + ७ = ५८. ऐंशी मुलांच्या यादीवर तपासलं, एकही नाव दोनदा आलं नाही. मी खूश.

अजून एक गोष्ट मी केली होती, ती सांगायलाच हवी. त्याच नावाचा जॉब आधीपासून असेल तर काय करायचं हे शेड्यूलरला आपण सांगायचं असतं. एक, नवीन जॉब नाकारायचा. दोन, जुना काढून त्या जागी नवीन ठेवायचा. मी दुसरा मार्ग घेतला. आळस म्हणून नाही. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. लाईट आली, मशीन परत चालू झालं की प्रोग्रॅम सगळे जॉब पुन्हा नोंदवतो. नाकारायचं ठेवलं तर दर वेळी एररचा पाऊस. आणि आपण नावच न देता शेड्यूलरला स्वतः नाव पाडू दिलं, तर दर वेळी त्याच कामाची नवी प्रत, एका मुलासाठी तीन-तीन मेसेज. म्हणून जुना काढ, नवा ठेव. बहुतेक ठिकाणी शिकवतातही असंच.

जून उजाडला, नवीन मुलं आली आणि यादी १०४वर गेली. पंधरा-वीस दिवसांनी एका अधीक्षिकाबाईंचा संस्थेत फोन आला. एका मुलीची तारीख होऊन गेली, मेसेज आलाच नाही. मी शोधायला बसलो. मुलगी वहीत ९१ नंबरवर होती. ९१ + ९ + १ = १०१. आणि नवीन आलेला शंभरावा मुलगा? १०० + १ = १०१. शंभराव्या मुलाची नोंद झाली त्या क्षणी त्या मुलीचा जॉब पुसला गेला होता. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. शेड्यूलरने मी सांगितलं तेच केलं होतं. पुढे बघतो तर ९२ आणि १०१ दोघांचे १०३. ९३ आणि १०२ दोघांचे १०५. ९४ आणि १०३ दोघांचे १०७. ९५ आणि १०४ दोघांचे १०९. पाच मुलं यादीतून गायब. चौघांच्या तारखा अजून यायच्या होत्या. पाचवीला पुढच्या आठवड्यात तपासणीला नेलं, तिचं ठीक होतं. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत.

कॉलेज सुरू झाल्यावर हे सगळं मी आमच्या गणिताच्या सरांना सांगितलं. सरांनी फळ्यावर ९१, १०० आणि १०१ लिहिलं आणि हसायलाच लागले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग सर म्हणाले की हे आकडे त्यांना ओळखीचे आहेत, १०१ ही असली सगळ्यात छोटी संख्या आहे आणि हे शोधणारा माणूस तुझ्याच डहाणूत जन्मला. बारावीपर्यंत मी डहाणू-तलासरीच्या बाहेर शिकलो नाही. हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो व्हायला १ ऑगस्ट २०१४ उजाडावं लागलं. डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. वडील रामचंद्र कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आली, आणि ती पोराच्या कानावर लहानपणापासून पडली. आठ वर्षांचा असताना आई गेली. माध्यमिक शाळा ठाण्याला. तिथेही कोडी सोडवण्यात तासन् तास जायचे. १९२३ साली पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, विद्यार्थ्याच्या स्वतंत्र कामासाठी दिलं जाणारं. हे परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. १९२९ साली कापरेकर बी.एस्सी. झाले. त्यापुढे पदवी नाही, पीएच.डी. नाही, मार्गदर्शक नाही. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आपल्याकडे दोन वर्षांत तीन कंपन्या बदलणाऱ्या सीनियर्सची व्याख्यानं ठेवतात. असो.

शाळा सुटली की मास्तर आकड्यांशी खेळायचे. खेळायचे हाच शब्द बरोबर आहे. त्यांना मोठी सिद्धांतांची इमारत बांधायची नव्हती. आकडा उलटा करून बघ, त्याचे अंक मिळवून बघ, वर्ग करून मधून तोडून बघ, असं चालायचं. ४५चा वर्ग २०२५. मधून तोडा, २० आणि २५. मिळवा, ४५ परत. २९७चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळवले की २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. २०२५ साल लागलं तेव्हा होस्टेलच्या ग्रुपवर ४५च्या वर्गाचा मेसेज फिरत होता, तो तुम्हीही पुढे ढकलला असेल. पण त्यात मास्तरांचं नाव असल्याचं मला आठवत नाही.

नावं ठेवण्याची त्यांना भारी हौस होती. १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळावर ते विचार करायला लागले ते जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनवर. त्या स्टेशनाला तेव्हा डेम्लो म्हणत, म्हणून त्या डेम्लो संख्या. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली! सकाळी ८ वाजता डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघा, संख्या सुचतात का ते. त्या डेम्लो संख्यांवरचा लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आला, गुंजीकर आणि कापरेकर अशा दोघांच्या नावावर. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणाऱ्या. त्यांचं जन्मवर्ष १९०५ हर्षद आहे, १ + ९ + ० + ५ = १५ आणि १५ गुणिले १२७ बरोबर १९०५. मृत्यूचं १९८६ मात्र हर्षद नाही. करून बघा.

आता ६१७४. हे तुम्हाला माहीत असेल, तरी माझ्या जॉबच्या दृष्टीने परत सांगतो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून छोटी वजा करा. उत्तरावर परत तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४वर येता आणि तिथेच अडकता. हे मास्तरांना १९४६ साली सापडलं. १९४९ साली मद्रासला गणिताच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं.

मी मेसमध्ये जेवताना पेपर नॅपकिनवर त्यांचं जन्मवर्ष घातलं. ९५१० वजा ०१५९, ९३५१. ९५३१ वजा १३५९, ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात पायऱ्या. मग आपल्या जिल्ह्याचं वर्ष घातलं, २०१४. ४२१० वजा ०१२४, ४०८६. ८६४० वजा ०४६८, ८१७२. अरे! दुसऱ्या पायरीला दोन्ही एकाच ठिकाणी. मग मृत्यूचं वर्ष घातलं, १९८६. ९८६१ वजा १६८९, पहिल्याच पायरीला ८१७२. तिघे ८१७२वर भेटले आणि तिथून पुढे हातात हात घालून ६१७४पर्यंत गेले. योगायोगच आहे, मी त्यात काही शोधत नाही, आपल्या घरात ज्योतिष नाही. पण माझं ताट तसंच राहिलं. कारण ८१७२ हातात घेऊन कुणी विचारलं की हा १९०५मधून आला की २०१४मधून, तर सांगता येत नाही. कुठून आलो ती खूण पुसली गेली. माझ्या शेड्यूलरमध्ये १०१ नावाचा जॉब होता, त्याचंही हेच झालं होतं. तो ९१चा की १००चा, हे नावावरून कळायला मार्ग नव्हता.

आणि मास्तरांचं जे काम मला खरं भिडलं ते नेमकं यावर आहे. संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यात मिळवा. मी जॉबला नाव देताना जे केलं तेच, फक्त मास्तरांनी ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी केलं होतं आणि मी न विचारलेला प्रश्न विचारला होता. पहिली संख्या ही जनक, तिच्यातून निघाली ती तिची संतती. आता प्रश्न दोन. अशी कुठली संख्या आहे की जिला जनकच नाही? आणि अशी कुठली की जिला दोन-दोन जनक आहेत?

जनक नसलेल्यांना स्वयंभू संख्या म्हणतात, १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ आणि पुढे अशाच. आपल्या गावच्या नावावरून त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. माझ्या यादीत २० नावाचा जॉब कधीच तयार झाला नसता, ३१ नावाचाही नाही. इकडे नावं रिकामी पडलेली आणि तिकडे एकेका नावावर दोघं बसलेले. एस.टी.त मागच्या सीट रिकाम्या आणि पुढे एकाच्या मांडीवर दुसरा, तशातली गत.

दोन जनक असलेल्यांना त्यांनी जंक्शन म्हटलं. पुन्हा रेल्वे! सगळ्यात छोटं जंक्शन १०१. ऐंशीच्या यादीवर माझी चाचणी का पास झाली, हे इथे कळतं. आकडा ९९वरून १००वर जातो तेव्हा अंकांची बेरीज १८वरून एकदम १वर कोसळते. ९१, ९२ वगैरेंनी मोठी बेरीज मिळवून पुढे जाऊन जी जागा धरलेली असते, त्याच जागेवर छोटी बेरीज घेऊन १००, १०१ येऊन उभे राहतात. टक्कर होते ती अशा मोठ्या हातच्याच्या जागी. त्याच्या आधी कितीही तपासा, सापडणार नाही. आमच्या लॅबमध्ये टेस्ट केस लिहिताना १ ते १० घालून मोकळे होणाऱ्यांनी (मी पण त्यातलाच) हे लक्षात घ्या.

मास्तर दोन जनकांवर थांबले नाहीत. तीन जनक असलेली सगळ्यात छोटी संख्या त्यांनी दिली, १००००००००००००१. एकावर तेरा शून्यं देऊन जी संख्या होते तिच्यात १ मिळवला की ही. तिचा एक जनक म्हणजे तीच तेरा शून्यांची संख्या. दुसरा ९९९९९९९९९९९०१, बेरीज १००. तिसरा ९९९९९९९९९९८९२, बेरीज १०९. मी कॅल्क्युलेटरवर तिन्ही करून बघितले. मास्तरांकडे कॅल्क्युलेटर नव्हता, वही होती. मग चार जनक. एकावर २४ शून्यं, त्यात १०२ मिळवायचे. पंचवीस अंकी आकडा. त्याला चार जनक आहेत हे हातानेही दाखवता येतं, मी एका रविवारी दाखवलं. पण त्याच्यापेक्षा छोटी दुसरी कुठलीच नाही, हे कसं सांगणार? तेवढे आकडे एकेक करून तपासायला जगातला कुठलाही संगणक पुरणार नाही. मास्तरांनी ते अंदाज म्हणून मांडलं.

हे सगळं १९५० आणि १९६०च्या दशकातलं, देवळालीत बसून. १९५९ साली त्यांनी स्वयंभू संख्यांवर पुस्तिका काढली, १९६३ साली दुसरी. प्रकाशक कोण? स्वतःच. त्यांच्या कितीतरी पुस्तिकांवर खाजगी छपाई, देवळाली अशी नोंद असे. शिक्षकाच्या पगारातून छापायचं आणि वाटायचं. ते शाळाकॉलेजांत बोलावलं की जात आणि मुलांना आकड्यांचे खेळ दाखवत. पण विद्यापीठातले गणिती त्यांच्या कामाला हसत, हा पोरखेळ आहे म्हणत.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय. ते गणिती अगदीच चुकीचे नव्हते. ६१७४ची जादू आपण आकडे दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून आहे. संगणकासारखं दोनच्या पद्धतीत लिहा, जादू दुसरीच काही होते. संख्येचा स्वभाव वेगळा आणि तिच्या लिहिण्याचा स्वभाव वेगळा. गणितवाल्यांना पहिला हवा असतो. मान्य. पण आपण इंजिनिअरिंगवाले दिवसभर कशाशी झटापट करतो? लिहिण्याशीच. रोल नंबर, सीट नंबर, फाईलचं नाव, जॉबचं नाव, हे सगळं लिहिलेलंच असतं, आणि टक्कर लिहिण्यातच होते. दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यावर कधी एकसारख्या होतात, हा प्रश्न देवळालीच्या मास्तरांनी धरून ठेवला. त्याला पोरखेळ म्हणणं मला आता जमत नाही. माझी पाच मुलं त्यात हरवली होती.

दाद मिळाली ती फार उशिरा आणि लांबून. मार्च १९७५मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांवर लिहिलं आणि जगाला देवळाली कळलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. त्याआधीची परिस्थिती वाचून वाईट वाटतं. निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, पेन्शन पुरेना. तसा त्यांचा खर्च अगदी कमी, तरी पुरेना. मग गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून ते पोट भरत. १९८६ साली देवळालीतच गेले.

नावांच्या घोळातून तेही सुटले नाहीत, हे बघून मला हसू आलं आणि जरा चिडही आली. कापरेकर संख्या म्हणजे ४५, २९७ वगैरे, आणि कापरेकर स्थिरांक म्हणजे ६१७४. दोन वेगळ्या गोष्टी, नाव एकच. पोरं व्हायवात हमखास गोंधळतात. उलट बाजूने, एकाच गोष्टीला दोन नावं. त्यांच्या स्वयंभू संख्यांना १९७४नंतर परदेशात कोलंबियन संख्याही म्हणायला लागले, कारण कोलंबियाच्या बर्नार्दो रेकामान यांनी त्यांच्यावर तिकडच्या मासिकात प्रश्न घातला. त्यांच्या हर्षद संख्यांना तिकडे निव्हेन संख्या म्हणतात, आयव्हन निव्हेन यांनी १९७७ साली त्यावर व्याख्यान दिलं म्हणून. कुणाचा दोष नाही. नवीन नाव देताना आधी ते काम कुणाच्या वहीत नोंदलेलं आहे का, हे बघायला देवळालीची पुस्तिका त्यांच्या टेबलावर नव्हती.

हाही प्रकार माझ्या शेड्यूलरमध्ये होताच, नंतर सापडला. एका मुलाने तलासरीची शाळा सोडून डहाणूकडच्या शाळेत नाव घातलं. दोन्ही याद्यांत तो होता, दोन वेगळ्या नंबरांनी. म्हणून एकाच मुलाचे दोन जॉब, एकाच तारखेचे दोन मेसेज दोन अधीक्षकांना. एक नाव दोघांना दिलं तर एक मूल हरवतं, ते वाईटच. पण एका मुलाला दोन नावं दिली तर दोघंही समजतात की दुसरा बघून घेईल. हे त्याहून वाईट होऊ शकतं.

चार जनकांच्या त्या पंचवीस अंकी आकड्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०२१ साली मॅक्स अलेक्सेयेव, डोनोवन जॉन्सन आणि एन. जे. ए. स्लोन या तिघांनी मास्तरांच्या जंक्शन संख्यांवर एक शोधनिबंध लिहिला. हे स्लोन म्हणजे संख्यामालिकांचा जगप्रसिद्ध कोश ज्यांनी सुरू केला ते. त्यांनी एकेक आकडा तपासला नाही. किती जनक असलेली सर्वात छोटी संख्या कोणती, हे पायरीपायरीने काढत जाणारी रीतच शोधली. त्यातून निघालं की तीन जनकांची मास्तरांची संख्या बरोबर, आणि चार जनकांचा अंदाजही बरोबर. एकावर चोवीस शून्यं, अधिक १०२. त्याच्यापेक्षा छोटी नाही. मास्तर जाऊन तेव्हा ३५ वर्षं झाली होती.

सरांनी हा निबंध मला छापून दिला. अर्धा कळला नाही, कबूल करतो. पण त्याच्या शीर्षकात कापरेकरांचं नाव आहे, आणि पहिल्याच परिच्छेदापाशी मी डहाणूला पोचलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत संस्थेत जाऊन प्रोग्रॅम परत लिहिला. आता नाव पाडायला कुठलंही गणित नाही. कामाचा प्रकार, शाळेचा कोड, वहीतला नंबर, तिन्ही जसेच्या तसे, मध्ये आडवी रेघ. रेघ हवीच, नाहीतर शाळा १ नंबर ११ आणि शाळा ११ नंबर १ दोघं १११ होतात. माहिती झाकायची तर दाराला कुलूप लावायचं, नावात लपवायची नाही, त्यामुळे आता त्या मशीनला पासवर्ड आहे. त्याच नावाचा जॉब आधी असेल तर प्रोग्रॅम आत उघडून बघतो की तो त्याच मुलाचा आहे का. त्याच मुलाचा असेल तर जुना काढून नवा ठेवतो, लाईट गेली-आली तरी चिंता नाही. दुसऱ्याचा असेल तर काहीही पुसत नाही, थांबतो आणि मला मेसेज करतो. शाळा बदललेल्या मुलांसाठी दोन्ही याद्यांतली जन्मतारीख ताडून बघतो आणि संशय आला की माणसाला विचारतो. आणि रोज रात्री ११ वाजता एकच मोजणी, वहीत मुलं किती, शेड्यूलरमध्ये जॉब किती. हा एवढा शेवटचा आकडा मी पहिल्या दिवसापासून बघत असतो तर १०४ आणि ९९ हा फरक त्याच रात्री दिसला असता.

परतताना डहाणू रोडला लोकलची वाट बघत होतो. (इथपर्यंत लोकल यायला २०१३ साल उजाडलं, आमच्या वडिलांना अजून त्याचं कौतुक आहे.) शेजारी सातवी-आठवीतला एक पोरगा चिकूची पिशवी घेऊन बसला होता. वेळ जात नव्हता म्हणून त्याला चार आकडे मनात धरायला सांगितले आणि वजाबाकी करायला लावली. त्याने तिकिटाच्या मागे पेनाने करायला घेतली. पाचव्या पायरीला गाडी आली, तो विरारपर्यंत बसला होता, मी पालघरला उतरलो. त्याने धरलेला आकडा कुठला होता ते मी विचारलं नाही. पण शेवटी काय आलं असणार, ते मला माहीत आहे.